'पडल्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही': शेरलॉक होम्सचा मृत्यू आणि वाचकांचं म्हणणं

डिटेक्टिव्ह कथांची एखादी मालिका दहा-बारा वर्षं चालली की नव्या पुस्तकावर एक अभिप्राय ठरलेला असतो: "आता पूर्वीची मजा राहिली नाही." मीही हे अनेकदा म्हटलंय आणि दर वेळी मनापासून म्हटलंय. पण असं म्हणताना आपण नेमकं कशाबद्दल बोलत असतो? हातातल्या पुस्तकाबद्दल, त्यातल्या नायकाबद्दल, की खूप पूर्वी केलेल्या पहिल्या वाचनाच्या आठवणीबद्दल?

हे तपासायला शेरलॉक होम्सच्या मृत्यूइतकं चांगलं प्रकरण दुसरं नाही. डिसेंबर १८९३ मध्ये लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात 'द फायनल प्रॉब्लेम' छापून आली आणि आर्थर कॉनन डॉयलने आपल्या नायकाला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकलून दिलं. दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९०३ मध्ये, त्याच मासिकात 'द एम्प्टी हाउस' आली आणि होम्स परत आला. मधल्या काळात आणि नंतरही वाचक काय म्हणाले, लेखक त्यावर काय म्हणाला, मासिकाच्या मालकाला काय वाटलं, यातलं बरंच आपल्यापर्यंत पोचलेलं आहे. आणि दोन्ही कथा जशाच्या तशा समोर आहेत, म्हणजे वाचकांचं म्हणणं पडताळून बघता येतं. पुढे दोन्ही कथांचा शेवट उघड केलेला आहे. ज्यांनी त्या वाचल्या नसतील त्यांनी आधी वाचाव्यात, असं मी आग्रहाने सांगेन.

पार्श्वभूमी

होम्स पहिल्यांदा दिसला तो १८८७ च्या 'बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल' या अंकात. त्या कादंबरीचे सगळे हक्क डॉयलने २५ पौंडांत विकले होते. १८९० मध्ये दुसरी कादंबरी आली. दोन्हींनी फार खळबळ उडवली नाही. खरी सुरुवात झाली जुलै १८९१ मध्ये. जॉर्ज न्यून्सने त्याच वर्षी जानेवारीत 'स्ट्रँड' काढलं होतं, किंमत सहा पेन्स, संपादक ग्रीनहाउ स्मिथ. डॉयलच्या लक्षात एक साधी गोष्ट आली होती. मासिकात क्रमशः कादंबरी छापली आणि वाचकाचा एक अंक चुकला की त्याचा धागा तुटतो. त्यापेक्षा नायक तोच ठेवावा आणि गोष्ट दर महिन्याला पूर्ण संपवावी.

आज ही रचना इतकी सवयीची झाली आहे की तिचा परिणाम आपल्याला जाणवत नाही. गोष्ट दर महिन्याला संपते, माणूस मात्र संपत नाही. कोडं सुटलं की वाचक ते विसरतो, पण बेकर स्ट्रीटवरची खोली, तंबाखू ठेवलेली इराणी सपात, जॅकनाइफने शेकोटीवरच्या लाकडी फळीत खोचलेली पत्रं हे सगळं पुढच्या महिन्यासाठी मनात तसंच राहतं. सिडनी पॅजेटच्या चित्रांनी त्या माणसाला चेहराही दिला. दोन वर्षांत वाचकाच्या मनात जे साठलं ते एका ओळखीच्या माणसाबद्दलचं होतं.

लेखकाच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. नोव्हेंबर १८९१ मध्येच, म्हणजे मासिकातल्या पहिल्या कथेला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, डॉयलने आईला लिहिलं की शेवटच्या कथेत होम्सला मारून कायमचा निकाल लावावा म्हणतो, कारण तो माझं लक्ष अधिक चांगल्या गोष्टींवरून उडवतो. त्याच्या दृष्टीने अधिक चांगल्या गोष्टी म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्या. आईने कळकळीने विरोध केला आणि सोनेरी केसांच्या मुलीची एक कल्पना सुचवली. त्यातून त्या वेळची बारावी कथा तयार झाली आणि होम्स वाचला. या प्रकरणातला पहिला वाचक-अभिप्राय म्हणून मी आईच्या त्या विरोधाची नोंद करतो. नंतर हजारो लोकांनी जे म्हटलं ते तिने दोन वर्षं आधीच म्हटलं होतं.

मासिकाने आणखी कथा मागितल्या. मागणी सोडून द्यावी म्हणून डॉयलने बारा कथांचे १००० पौंड मागितले. मासिकाने ते लगेच मान्य केले.

सहा पेन्सला वाचकाच्या हातात काय पडलं

'द फायनल प्रॉब्लेम'बद्दल लोक हळहळीने बोलतात, पण ती कथा म्हणून कशी आहे याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला वाटतं, या प्रकरणाचा अर्धा उलगडा तिथेच आहे.

ही डिटेक्टिव्ह कथा नाही. तिच्यात कोडं नाही, अशील नाही, पुरावे नाहीत. प्रोफेसर मोरिआर्टी लंडनमधल्या निम्म्या गुन्ह्यांमागचा सूत्रधार आहे असं होम्स सांगतो, पण त्यातला एकही गुन्हा आपल्यासमोर घडत नाही. ज्या कथेत तो पहिल्यांदा येतो त्याच कथेत तो मरतो. आजचा वाचक सगळ्या कथा एका दमात वाचत इथे पोचतो आणि हमखास तक्रार करतो: हा माणूस आला कुठून? इतका मोठा शत्रू होता तर आधीच्या तेवीस कथांत त्याची सावलीसुद्धा का नाही? तक्रार बिनतोड आहे. नायकाला मारायला त्याच्या तोडीचा कुणीतरी हवा होता, म्हणून तो आयत्या वेळी उभा केला गेला.

तरीही कथा लागते. का लागते, ते जवळून बघण्यासारखं आहे.

होम्सचा मित्र आणि या कथांचा निवेदक डॉक्टर वॉटसन पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो की जड अंतःकरणाने मी ही अखेरची नोंद लिहायला बसलो आहे. म्हणजे धक्का शेवटासाठी राखून ठेवलेला नाही. होम्स जाणार हे कळल्यावर मग आपण त्याच्याबरोबर लंडनहून कँटरबरी, तिथून ब्रसेल्स, स्ट्रासबर्ग, जिनिव्हा आणि आल्प्सच्या खोऱ्यांतून मायरिंगेनपर्यंत जातो. प्रवासात त्याचा मूड चांगला आहे, आणि तेच वाचवत नाही.

मग ४ मे १८९१ची दुपार. रायखेनबाख धबधब्याच्या वाटेवर एक स्विस पोरगा हॉटेलची चिठ्ठी घेऊन धावत येतो: एक इंग्रज बाई क्षयाच्या अखेरच्या अवस्थेत आहे, तिला इंग्रज डॉक्टरच हवा आहे. वॉटसन माघारी फिरतो. हॉटेलवर अशी कोणी बाईच नाही. तो धावत परत येतो. खडकाला टेकवून ठेवलेली होम्सची काठी दिसते. काळसर ओलसर मातीत पावलांच्या दोन रांगा कड्याकडे गेलेल्या, परत आलेली एकही नाही. खडकावर काहीतरी चकाकतं. तो होम्सचा चांदीचा सिगारेट केस. त्याच्याखाली वहीतून फाडलेली तीन छोटी पानं. अक्षर नेहमीसारखंच ठाम आणि स्वच्छ, जणू अभ्यासिकेत बसून लिहिलेलं.

झटापट वॉटसनने पाहिलेली नाही. कोणीच पाहिलेली नाही. त्याने फक्त खुणांवरून अनुमान काढलं, अगदी होम्सच्या पद्धतीने. पण वाचकाने मात्र ती पाहिली, कारण पॅजेटने कड्याच्या टोकावर एकमेकांना भिडलेले दोघे पूर्ण पानाच्या चित्रात काढले होते. मजकुरात जे अनुमान होतं ते चित्रात घडलेलं सत्य झालं. त्या अंकाच्या वाचकाला होम्सच्या मृत्यूबद्दल शंका आली नाही यात त्या चित्राचा वाटा मोठा असावा. प्रेत सापडलं नाही हे कथेत स्पष्ट लिहिलेलं आहे. आज कुठल्याही मालिकेत प्रेत सापडलं नाही म्हटलं की आपण लगेच सावध होतो, पण ही सावधगिरी आपल्याला बऱ्याच अंशी होम्सच्याच परतण्याने शिकवली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वॉटसनला दूर नेणारी ती खोटी बाई क्षयाची रुग्ण आहे आणि तिने हिवाळा दावोसला काढला आहे असं कथेत म्हटलंय. त्याच १८९३ साली डॉयलची पत्नी लुईझा हिला क्षय झाल्याचं निदान झालं आणि तो तिला घेऊन दावोसला गेला. ऑक्टोबरमध्ये त्याचे वडील वारले. त्या डिसेंबरमध्ये संतापून पत्रं लिहिणाऱ्या वाचकांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

वाचक काय म्हणाले, आणि काय म्हणाले असं सांगितलं जातं

या भागात जपून चालावं लागतं, कारण या प्रकरणाभोवती कथा फार जमल्या आहेत.

दोन गोष्टी सगळीकडे सांगितल्या जातात. लंडनच्या तरुणांनी हॅटला नाहीतर दंडाला काळ्या फिती बांधल्या, आणि २०,००० लोकांनी 'स्ट्रँड'ची वर्गणी बंद केली. फितींची हकिकत ठळकपणे येते ती जॉन डिक्सन कारने लिहिलेल्या डॉयलच्या चरित्रात, आणि ते १९४९ चं आहे. म्हणजे घटनेनंतर ५६ वर्षांनी. त्या काळच्या वर्तमानपत्रांत तिला भक्कम आधार अभ्यासकांना सापडलेला नाही. २०,००० चा आकडाही असाच तोंडोतोंडी फिरणारा आहे. मासिकाचा खप पहिल्या अंकापासूनच तीन लाखांच्या घरात होता आणि पुष्कळ प्रती रेल्वे स्टेशनांवरच्या बुकस्टॉलवर सुट्या विकल्या जात. तिथे वर्गणी बंद करण्याचा प्रश्नच येत नाही.

मग हाती भरवशाचं काय उरतं? न्यून्सने भागधारकांसमोर या मृत्यूला भयंकर घटना म्हटलं होतं. धंद्याची काळजी त्यात उघड दिसते. आणि डॉयलने १९२४ च्या आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवलंय की लोकांना इतकं वाईट वाटलेलं पाहून आपण थक्क झालो. कित्येकजण रडल्याचं त्याच्या कानावर आलं. एका बाईच्या पत्राची सुरुवातच "अरे राक्षसा" अशा अर्थाच्या हाकेने झाली होती. आपण स्वतः मात्र अगदी कोरडे होतो, असंही तो मोकळेपणाने सांगतो. १८९६ मध्ये लेखकांच्या एका क्लबात तो म्हणाला की तो खून नव्हता, स्वसंरक्षणासाठी केलेला वध होता. मी त्याला मारलं नसतं तर त्याने मला मारलं असतं.

मला काळ्या फितींपेक्षा त्या बाईचं पत्र जास्त मोलाचं वाटतं. त्यात कथेवर टीका नाही. मोरिआर्टी आयत्या वेळी आला, कोडं नाही, असं काही तिने म्हटल्याचं डॉयल सांगत नाही. तिने लेखकाला गुन्हेगार ठरवलं, आणि त्यासाठी होम्स खरा माणूस असल्याचं आधी मनात मान्य झालेलं असावं लागतं. 'फायनल प्रॉब्लेम'वरच्या प्रतिक्रियांचं वैशिष्ट्य हेच आहे. घटनेबद्दलचा राग इतका मोठा होता की कथेच्या घडणीबद्दल बोलायला जागाच उरली नाही. आजही एखाद्या मालिकेत लाडकं पात्र मेलं की त्या पुस्तकावर येणारे शिव्याशाप पुस्तकाचा दर्जा सांगत नाहीत. पात्र किती खोल रुजलं होतं, एवढंच त्यांतून कळतं. ते कळणंही कमी महत्त्वाचं नाही, फक्त ते परीक्षण समजून वाचलं की फसगत होते.

मधली वर्षं

डॉयल आठ वर्षं बधला नाही. 'स्ट्रँड'ला त्याने नेपोलियनच्या सैन्यातल्या ब्रिगेडियर जेरार्डच्या कथा दिल्या. त्या चांगल्या आहेत, गाजल्याही. १८९९ मध्ये अमेरिकेत विल्यम जिलेटने होम्सवर नाटक केलं. होम्सचं लग्न लावलं तर चालेल का, असं त्याने विचारल्यावर डॉयलने कळवलं की लग्न लावा, खून करा, वाटेल ते करा.

ऑगस्ट १९०१ पासून 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' क्रमशः सुरू झाली. होम्स त्यात आहे, पण हकिकत मृत्यूच्या आधीची आहे. वाचकांनी ती डोक्यावर घेतली, मासिकाचा खप चढला. या टप्प्यावर वाचकाला काय मिळालं हे नीट पाहायला हवं: होम्स मेलेलाच होता, आणि तरीही त्याची एक उत्तम गोष्ट हातात होती. दुःखही शाबूत आणि आनंदही. माझ्या मते मालिकेतला हा सगळ्यात समतोल क्षण होता. डॉयल इथेच थांबला असता तर वाचकांनी तक्रार केली असती, पण "तो पूर्वीचा राहिला नाही" असं म्हणायची वेळ कोणावर आली नसती.

१९०३ मध्ये अमेरिकेच्या 'कॉलियर्स' साप्ताहिकाने तेरा कथांसाठी ४५,००० डॉलर देऊ केले. डॉयलने एजंटला पोस्टकार्डावर उत्तर दिलं: "ठीक आहे," आणि खाली आद्याक्षरं.

परत येण्याची किंमत

'द एम्प्टी हाउस'मध्ये १८९४ चा वसंत आहे. वॉटसन रस्त्यात पुस्तकं विकणाऱ्या एका वाकलेल्या म्हाताऱ्याला धडकतो. तो म्हातारा नंतर त्याच्या खोलीत येतो. वॉटसन कपाटाकडे वळून बघतो, परत मान फिरवतो, तर टेबलापलीकडे होम्स हसत उभा असतो. वॉटसनला भोवळ येते. तो शुद्धीवर येतो तेव्हा कॉलर सैल केलेली असते आणि ओठांवर ब्रँडीची चव असते. मालिकेतली ही सगळ्यात सुखाची पानं आहेत आणि ती वाचताना आजही माझा चेहरा फुलतो.

मग स्पष्टीकरण सुरू होतं आणि वाचकांचे प्रश्नही.

होम्स सांगतो की बरित्सू नावाच्या जपानी कुस्तीच्या डावाने तो मोरिआर्टीच्या पकडीतून सुटला. मातीत तिसरी पावलांची रांग नको म्हणून कडा चढून गेला. बूट उलटे घालून परत येता आलं असतं, पण एकाच दिशेने जाणाऱ्या तीन रांगा दिसल्या असत्या, हेही तो सांगतो. इथपर्यंत उत्तम. पण होम्सवर वरून दगड ढकलणारा मोरिआर्टीचा साथीदार कर्नल मोरान हा नावाजलेला शिकारी आणि नेमबाज. तो त्या दिवशी हत्याराशिवाय का आला? होम्स मेला नाही हे मोरानला माहीत होतं, तर तीन वर्षं लपून नेमकं कोणाला फसवलं? हे प्रश्न वाचक शंभर वर्षं विचारत आले आहेत आणि त्यांना पटणारं उत्तर कथेत नाही. कथेच्या सुरुवातीला झालेल्या रोनाल्ड अडेअरच्या बंद खोलीतल्या खुनाचा हेतूही होम्स केवळ अंदाजाने सांगतो.

पण ज्यावर वाचकांचं मन सगळ्यात जास्त अडतं तो मुद्दा तर्काचा नाही. होम्सने वॉटसनला तीन वर्षं शोकात ठेवलं. भाऊ मायक्रॉफ्टला पैशांसाठी सांगितलं, वॉटसनला नाही. त्या काळात वॉटसनची बायकोही वारली. होम्स कारण देतो ते असं: मी मेलो हे तुला खरं वाटलं नसतं तर तू माझ्या मृत्यूची हकिकत इतकी पटण्यासारखी लिहिली नसतीस.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वॉटसनच्या वतीने दुखावलो होतो. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की हे आपल्यालाही उद्देशून आहे. १८९३ ची ती हकिकत, सिगारेट केस, तीन पानं, पावलांच्या रांगा, हे सगळं आपण खरं मानलं आणि त्यावर दुःख केलं. दहा वर्षांनी कळतं की ते पटावं म्हणूनच तसं लिहिलं गेलं होतं. वॉटसन क्षणात माफ करतो. वाचकही माफ करतो, कारण होम्स परत मिळाला याचा आनंद मोठा असतो. तरी एक गोष्ट बदलते. यापुढे वॉटसनने एखादी गोष्ट जड अंतःकरणाने लिहिली तर आपण तिच्यावर पूर्वीसारखा भार टाकत नाही.

बारकाईने वाचणाऱ्यांनी पुढे आणखी विसंगती शोधल्या. 'फायनल प्रॉब्लेम'मध्ये मोरिआर्टीचं नावही ऐकलं नसल्याचं वॉटसन सांगतो, पण १९१४ मध्ये सुरू झालेल्या 'द व्हॅली ऑफ फिअर'मध्ये, जी त्याआधीच्या काळात घडते, त्याला तो चांगलाच ठाऊक आहे. 'फायनल प्रॉब्लेम'मध्ये जेम्स हे नाव मोरिआर्टीच्या कर्नल भावाचं आहे, 'एम्प्टी हाउस'मध्ये खुद्द प्रोफेसरचं. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्सने ऑक्सफर्डमध्ये वाचलेल्या निबंधात परतीनंतरच्या कथांच्या खरेपणाबद्दलच धर्मग्रंथाच्या अभ्यासकाच्या पद्धतीने चर्चा केली. डॉयलने त्याला स्वतः पत्र लिहिलं. आपल्यापेक्षा हा माणूस या कथांबद्दल जास्त जाणतो याचं त्याला नवल वाटलं होतं.

नावाड्याचा अभिप्राय

या सगळ्या प्रतिक्रियांत डॉयलला स्वतःला सगळ्यात जास्त लागलेली एक होती. कॉर्नवॉलमधला एक नावाडी त्याला म्हणाला: कड्यावरून पडल्यावर होम्स मेला नसेल, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस काही राहिला नाही. डॉयलने हे स्वतः नोंदवलं आहे. पुढे तो असंही सांगतो की ज्यांनी कथा उलट क्रमाने, शेवटच्यापासून पहिलीपर्यंत वाचल्या, ते याच्याशी सहमत नाहीत. तरीही वार मर्मावर बसला होता, हे त्याने मान्य केलं.

नावाड्याचं म्हणणं सरळ अर्थाने घेतलं तर ते टिकत नाही. परतीनंतर 'द डान्सिंग मेन' आली, 'द सिक्स नेपोलियन्स' आली, 'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन' आली, 'द ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स' आली. ही कुठल्याही मोजमापाने मालिकेतली वरच्या दर्जाची कामं आहेत. १९२०च्या दशकातल्या काही कथा कमकुवत आहेत हे खरं, पण तोवर मालिकेला पस्तीसेक वर्षं होत आली होती. होम्सची बुद्धी पडताना मागे राहिली नाही.

मग नावाड्याला काय जाणवलं असेल? उलट वाचनाचा प्रयोग मी करून पाहिला. ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या, १९२७ पासून १८८७ कडे. दोन-तीन महिने लागले. कोड्यांच्या दर्जात मला मोठी पायरी कुठेच लागली नाही. पण एक वस्तू वाटेत तीनदा भेटली आणि तिने मला उत्तर दिलं. ती म्हणजे एअरगन.

उलट क्रमात ती आधी भेटते १९२१ च्या 'द मॅझरिन स्टोन'मध्ये. ही कथा डॉयलने आपल्याच एका छोट्या नाटकावरून केली, म्हणून ती वॉटसनच्या तोंडून येत नाही. खिडकीत होम्सचा हुबेहूब पुतळा बसवलेला आहे. तू कशाची वाट बघतोयस, असं वॉटसन विचारतो. "माझा खून होण्याची," होम्स म्हणतो. थट्टा करतोयस, असं वॉटसन म्हणतो, तर याहून बरी थट्टा मला जमली असती, असं होम्स सांगतो आणि खुनी कोण असेल त्याचं नाव-पत्ताही लिहून घ्यायला लावतो. वाचताना मला गंमत वाटली. काळजी जराही वाटली नाही.

मग १९०३ ची 'द एम्प्टी हाउस'. पुन्हा खिडकीतला पुतळा, या वेळी मेणाचा. घरमालकीण मिसेस हडसन गुडघ्यांवर सरपटत जाऊन दर पंधरा मिनिटांनी तो थोडा हलवते, म्हणजे सावली जिवंत वाटावी. समोरच्या रिकाम्या घरात अंधारात होम्स आणि वॉटसन श्वास रोखून बसलेले. मोरान येतो, खिडकी हळूच वर करतो, एअरगन जोडतो. प्रसंग उत्कृष्ट बांधलेला आहे आणि छाती धडधडते. पण धडधडते ती मोरान सापडेल की निसटेल म्हणून. होम्स खिडकीत नाहीच, हे आपल्याला ठाऊक असतं. गोळी मेणाला लागणार असते.

१९२७ मध्ये 'स्ट्रँड'ने वाचकांसाठी स्पर्धा ठेवली होती: होम्सच्या बारा सर्वोत्तम लघुकथा निवडा, लेखकाच्या यादीशी जुळवू. डॉयलने स्वतःच्या यादीत 'द फायनल प्रॉब्लेम' चौथ्या क्रमांकावर ठेवली आणि 'द एम्प्टी हाउस' सहाव्या. होम्सला खरोखर पणाला लावणारा एकमेव शत्रू त्या पहिल्या कथेत आहे, हे त्याने दिलेलं कारण. यादी वाचली तेव्हा मला दोन्ही क्रमांक उदार वाटले होते. उलट वाचत 'फायनल प्रॉब्लेम'पाशी आलो तेव्हा चौथ्या क्रमांकाबद्दलचं माझं मत बदललं.

कथा उघडते तेव्हा २४ एप्रिलची संध्याकाळ आहे. वॉटसन एकटा वाचत बसलाय. होम्स आत येतो, नेहमीपेक्षा फिकट आणि वाळलेला. खोलीत फक्त टेबलावरचा दिवा. काही न बोलता तो भिंतीला अंग घासत खिडकीपर्यंत जातो, झडपा ओढून घेतो आणि कडी घट्ट लावतो.

"तुला कशाची भीती वाटतेय का?"

"हो, वाटतेय."

"कशाची?"

"एअरगनची."

मग तो हात दिव्यासमोर धरतो. दोन बोटांची पेरं फुटली आहेत, रक्त येतंय. जाताना तो पुढच्या दाराने जात नाही, मागच्या बागेची भिंत ओलांडून जातो.